काचेचा धागा तुटला तर सांधायचा कसा?

ठिबकची नळी फुटली तर आपण जॉइनर घालून पाच मिनिटांत ती जोडतो. विजेची तार तुटली तर वायरमन पीळ देऊन सांधतो. पण रस्त्याच्या कडेने ग्रामपंचायतीकडे गेलेली इंटरनेटची केबल जेसीबीच्या दातात सापडली, तर पीळही चालत नाही आणि टेपही चालत नाही. त्या केबलमध्ये तांबे नसते, काच असते. ती काच कशी सांधतात, हे आपण समजून घेतले तर आपलेच पुष्कळ नुकसान टळेल.

काचेतून बातमी

केंद्र सरकारने २०११ साली गावोगावच्या ग्रामपंचायती या केबलने जोडण्याची योजना मंजूर केली. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. महाराष्ट्रात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने झाले. आपल्या सोलापूर जिल्ह्यात करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत अकरा तालुके. ऊस, डाळिंब आणि ज्वारीच्या या रानांतून, पांदीच्या कडेने ही केबल गेलेली दिसते.

काचेतून प्रकाश वळवून नेता येतो, हे दाखवणाऱ्यांत आपल्या पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी होते. लंडनमध्ये केलेले त्यांचे हे काम १९५४ साली प्रसिद्ध झाले. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश नेता येईल, असे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडले. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा धागा किती बारीक? मिलिमीटरचे हजार भाग करा. त्यातले १२५ भाग म्हणजे काचेच्या धाग्याची जाडी. त्याच्याही पोटात, केवळ ९ भाग जाडीच्या गाभ्यातून, प्रकाश धावतो. दोन धागे जोडताना हे दोन गाभे समोरासमोर बसावे लागतात. एवढे अचूक काम नुसत्या हाताने होणारे नाही.

सांधणीची रीत

गावाकडे येणाऱ्या केबलमध्ये बहुधा २४ धागे असतात. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे प्रत्येकाला रंग दिलेले असतात. निळ्याला निळाच जोडायचा. सोलापूरच्या मागावर ताण्याचा धागा तुटला तर विणकर त्याच जागचे टोक शोधून गाठ मारतो, तसेच हे आहे. फरक एवढाच, की इथे गाठ चालत नाही.

कारागीर प्रथम धाग्यावर एक बारीक नळी सरकवून ठेवतो. तिला स्लीव्ह म्हणतात. ती आधी घालायची राहिली, तर झालेला जोड तोडून सारे पुन्हा करावे लागते. मग स्ट्रिपरने वरचा रंगीत लेप काढतो आणि स्पिरिटने काच पुसतो. त्यानंतर येते क्लीव्हर हे हत्यार. ते काचेवर सूक्ष्म ओरखडा पाडून धागा असा मोडते, की तोंड अगदी सपाट व काटकोनात राहते. तोंड तिरके आले की जोड फसला.

आता दोन्ही टोके स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवतात. यंत्र कॅमेऱ्याने पाहून ती समोरासमोर आणते. दोन टोकदार कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पडते, काच वितळते आणि दोन्ही धागे एकजीव होतात. मग ती स्लीव्ह जोडावर ओढून यंत्रातल्या छोट्या भट्टीत तापवतात. आतल्या पोलादी काडीमुळे जोडाला आधार मिळतो. शेवटी सगळे धागे ताटलीत गुंडाळून पाणी न शिरणाऱ्या डब्यात बंद करतात.

चांगल्या जोडात प्रकाशाच्या शंभर भागांतले दोनच भाग वाया जातात. जोड बिघडला आणि वीस भाग गेले, तर तो एकटा जोड पाच किलोमीटर केबलइतका प्रकाश खातो. म्हणून धुळीत, भर वाऱ्यात हे काम करीत नाहीत. गाडीत किंवा तंबूत करतात.

तुटले कुठे?

त्यासाठी ओटीडीआर नावाचे यंत्र असते. ते केबलमध्ये प्रकाशाचा ठोका सोडते आणि परत आलेल्या प्रकाशाचा वेळ मोजते. विहिरीत हाक मारली की प्रतिध्वनीवरून खोली कळते, तोच हिशेब. मात्र केबल जागोजाग वेटोळे करून ठेवलेली असते. म्हणून यंत्राने सांगितलेले अंतर आणि रस्त्यावरचे अंतर यांत फरक पडतो. अशा वेळी ‘काल इथे खोदले होते’ हे तुमचे एक वाक्य कारागिराचे कित्येक तास वाचवते.

आपण काय करावे?

एका घावाची किंमत पाहा. तुटलेली केबल ओढून पुरत नाही, तेव्हा मध्ये तुकडा घालावा लागतो. म्हणजे दोन जागी जोड. २४ दुणे ४८ धागे. एकाला पाच मिनिटे धरली तरी चार तास, खोदाई वेगळीच. तेवढा वेळ ग्रामपंचायतीतले दाखले, सातबारा, मुलांचे परीक्षेचे अर्ज खोळंबतात. मोबाइलचा टॉवर त्याच केबलवर असेल तर फोनही मुका होतो.

म्हणून पाइपलाइन किंवा चारी खोदण्यापूर्वी केबलच्या खुणेचे दगड पाहा आणि ग्रामपंचायतीत विचारा. मार्च २०२३ पासून सरकारचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल अ‍ॅपही आहे. खोदण्याआधी त्यावर कळवता येते. केबल तुटलीच तर लपवू नका, ताबडतोब कळवा. माती लोटून झाकली तर शोध लांबतो. शिवाय २०२३ च्या दूरसंचार कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद आहेच.

तुटलेल्या टोकांना मुलांना हात लावू देऊ नका. काचेची कूस कातडीत घुसली तर दिसतही नाही. टोकात डोकावू नका. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना अपाय करू शकतो.

आणि एक सांगणे. ‘ऑप्टिकल फायबर स्प्लायसर’ हा आता कौशल्य प्रशिक्षणातला मान्य व्यवसाय आहे. हात स्थिर, नजर बारीक आणि स्वच्छतेची सवय एवढे भांडवल असलेल्या घरातल्या मुलाने वा मुलीने त्याची चौकशी जरूर करावी. केबल गावोगाव पोचली आहे. ती सांधणारा हात गावातलाच असला, तर चार दिवसांचा खोळंबा एका दिवसावर येईल.