साइट वाढल्या म्हणजे ठेकेदार वाढला का?

कवठे येमाई, मलठण, टाकळी हाजी या गावांच्या पट्ट्यात उसा-कांद्याच्या पैशातून बंगले उभे राहतात, ग्रामपंचायतीचे काँक्रीट रस्ते होतात, रांजणगावच्या एमआयडीसीत शेडची कामे निघतात. थापी धरून सुरुवात केलेला गवंडी काही वर्षांत ठेकेदार होतो. तिथवर कष्ट पुरतात. पुढे तो अडतो तो हिशोबात.

सर्वांत घातक समजूत ही, की हाती साइट जास्त म्हणजे धंदा मोठा. प्रत्यक्षात एका बंगल्याच्या स्लॅबचा हप्ता दुसऱ्या साइटच्या सिमेंटवर आणि बाजारच्या दिवशीच्या पगारावर उडतो. पहिला मालक तगादा लावतो, म्हणून तिसऱ्याकडून उचल घेतली जाते. कुठल्या कामात कमावले आणि कुठल्यात गमावले, हे कळतच नाही. प्रत्येक साइटची वही वेगळी हवी.

‘टेंडर बिलो भरू, काम तर मिळू दे’ हा दुसरा भ्रम. 10 लाखांच्या अंदाजपत्रकाला खरा खर्च 9 लाख येणार असेल आणि दर 15 टक्के बिलो, म्हणजे कमी, भरला, तर हाती साडेआठ लाखच येतात. काम मिळाले त्याच दिवशी 50 हजारांचा खड्डा! शिवाय फार बिलो भरणाऱ्याला जादा अनामत द्यावी लागते. सिमेंट कमी वापरून हा खड्डा बुजवायला गेले, तर दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कामाच्या हमीच्या मुदतीत, उखडलेला रस्ता पदरच्या पैशांनी करून द्यावा लागतो.

‘सरकारी पैसा बुडत नाही’ हे ऐकायला बरे वाटते. पण तो वेळेवर येईलच असे नाही आणि तोवर दुकानदाराची उधारी थांबत नाही. 2025 मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभर ठेकेदारांनी आंदोलने केली. त्यांच्या संघटनांनी थकबाकी सुमारे 89 हजार कोटी रुपये सांगितली. यात सर्वांत उघडा पडतो तो पोटठेकेदार. सरकारी खात्याच्या करारात त्याचे नाव नसते, म्हणून खात्याकडे बिलही मागता येत नाही. मूळ ठेकेदाराशी कागदावर करार केल्याशिवाय त्याने खडीची एक गाडीही टाकू नये.

टीडीएस कापला म्हणजे पैसे गेले, हेही खरे नाही. वैयक्तिक नावाने काम करणाऱ्याचा आयकरापोटी 1 टक्का आणि अडीच लाखांवरच्या सरकारी करारात जीएसटीपोटी 2 टक्के कापतात. दोन्ही रकमा त्याच्याच खात्यावर जमा दिसतात, देय करातून वळत्या होतात. आयकर जादा कापला गेला असेल, तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो.

मजूर मुकादमाने आणला म्हणून अपघाताची जबाबदारी ठेकेदाराला टळत नाही. मजुरासाठी ठेकेदाराला आणखी एक गोष्ट करता येते: वर्षात किमान 90 दिवस बांधकामावर राबलेल्या, 18 ते 60 वयाच्या कामगाराची बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी होते आणि त्या दिवसांचा दाखला ठेकेदार देऊ शकतो. नुसत्या सहीचे काम, तरी ते टाळले जाते, याचे मला फार वाईट वाटते. त्या नोंदणीवरच कामगाराच्या मुलांना शिक्षणासाठी मदत मिळते.