मोरचूद, ओढा आणि खेकडे

सुपारीच्या किंवा द्राक्षाच्या बागाईतदारास मोरचूद ही वस्तु नवी नाहीं. फ्रान्स देशांतील बोर्डो शहरीं मिलार्डे नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८८५ सालीं मोरचूद व चुना यांचें मिश्रण द्राक्षावरील केवडा रोगावर गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें, आणि तेव्हांपासून तें त्या शहराच्याच नांवानें जगभर चालत आलें आहे. कोंकणांत व गोव्यांत सुपारीच्या कोळेरोगावर इतका स्वस्त व खात्रीचा उपाय क्वचितच सांपडेल, असें आमचेंही मत आहे. तेव्हां मोरचुदाची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. फवारणीनंतर पिपांत जें निळें पाणी उरतें तें कोठें जातें, एवढाच प्रश्न वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

बहुधा तें ओढ्यांत जातें. पीप धुण्यास पाणी तेथेंच असतें, आणि वाहत्या पाण्यास दोष लागत नाहीं अशी आपली जुनी समजूत आहे. त्या पाण्याचा मार ज्यांस आधीं बसतो त्यांत खेकडा एक.

खेकडा आणि तांबें यांचें नातें मोठें चमत्कारिक आहे. आपल्या रक्तांत प्राणवायु वाहून नेण्याचें काम लोह करितें. खेकड्याच्या रक्तांत तेंच काम तांबें करितें, आणि प्राणवायु मिळाला कीं तें रक्त निळसर दिसूं लागतें. म्हणजे तांब्यावांचून त्याचें जीवित चालणार नाहीं. परंतु हें तांबें लागतें अत्यल्प. पाण्यांत विरघळलेलें तांबें वाजवीपेक्षां अधिक झालें कीं त्याचा पहिला आघात कल्ल्यांवर होतो. गोड्या पाण्यांतील खेकड्यास अंगांतील क्षार राखण्यास कल्ल्यांचाच आधार असतो. ते बिघडले म्हणजे अंगांतलें मीठ पाण्यांत उतरूं लागतें, श्वास अपुरा पडतो, आणि जनावर सुस्त होत होत मरतें. न मेलें तरी धड राहतेंच असें नाहीं. स्वीडनमधील संशोधकांनीं समुद्रकांठच्या खेकड्यांवर केलेले प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाले. तांबेमिश्रित पाण्यांत कांहीं दिवस ठेविलेल्या नरांस मादीच्या वासाचा माग काढून जोडी जमविणें जड गेलें.

आपल्याकडे त्यांत वेळही वाईट येते. कोळेरोगावरील पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर करावी लागते. त्या सुमारास ओढ्यांत वाहतें पाणी थोडें आणि डबकीं फार. पाणी तापलेलें, त्यांतला प्राणवायु घटलेला. खेकडा उन्हाळ्यानें आधींच जेरीस आलेला असतो, व अशा जनावरास तांब्याचा थोडा अंशही अधिक बाधतो. याच दिवसांत मादीच्या पोटाच्या झांकणाखालीं अंडीं किंवा पिलें असतात. समुद्रांतील खेकड्यांचीं पिलें पाण्याबरोबर दूरवर पसरतात. ओढ्यांतील खेकड्याचीं पिलें आईच्या पोटाखालींच वाढून पावसाच्या आरंभीं तेथल्या तेथें उतरतात. म्हणून एका ओढ्यांतील माद्या गेल्या तर बाहेरून भर लवकर पडत नाहीं. शिवाय जांभ्या दगडांतून येणारें कोंकणचें पाणी हलकें, त्यांत चुन्याचा अंश कमी. आणि हलक्या पाण्यांत तांबें जड पाण्यापेक्षां अधिक जहाल ठरतें.

आमचें आयुष्य सरकारी आंकडे मांडण्यांत गेलें, तेव्हां येथेंही एक हिशेब मांडतों. एक किलो मोरचुदांत सुमारें २५० ग्रॅम तांबें असतें. एक टक्का मिश्रणास १०० लिटर पाण्यांत एक किलो मोरचूद पडतें. त्यांतलें १० लिटर पिपांत उरलें तर २५ ग्रॅम तांबें उरलें. पिण्याच्या पाण्यासाठीं भारतीय मानकांत लिटरमागें ०.०५ मिलिग्रॅम तांबें ही इष्ट मर्यादा धरिली आहे. हीं २५ ग्रॅम त्या मर्यादेंत बसविण्यास पांच लाख लिटर पाणी पाहिजे. मे महिन्याच्या डबक्यांत तेवढें पाणी कोठून आणावें? चुन्याशीं बांधलें गेलेलें तांबें एकदम विरघळत नाहीं हें खरें. पण चुना जुना किंवा कमी पडला असेल तर तो भरंवसाही राहत नाहीं.

कोणी म्हणेल, खेकडा मेला तर बरेंच झालें, तो भाताचे बांध पोखरतो. तक्रार खोटी नाहीं. बांध फुटल्याचे तंटे आमच्या दप्तरीं पुष्कळ येत, आणि दोन्ही पक्षांचें एकमत व्हावयाचें तें खेकड्यावर खापर फोडण्यापुरतें. त्यास समन्स बजावतां येत नसे, एवढीच अडचण. परंतु ओढ्यांतील कुजका पाला खाऊन जिरविणारा हाच प्राणी आहे, आणि पहिल्या पावसांत बत्ती घेऊन आपल्या गड्यांचीं मुलें जे खेकडे धरून आणतात तेही याच ओढ्यांतले. अंगांत शिरलेलें जादा तांबें खेकडा पोटांतील पिवळ्या गाभ्यांत सांठवितो, आणि कालवणांत आवडीनें चोखला जातो तो हाच भाग.

तेव्हां चुना ताजा कळीचा घ्यावा. मिश्रणांत घांसलेली लोखंडी सुरी थोडा वेळ बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबें मोकळें आहे असें समजून आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्या दिवशीं संपेल इतकेंच करावें, आणि उरलेंच तर राहिलेल्या झाडांवर मारावें. पीप बागेंतच धुवावें, पण रोज एकाच आळ्यांत तें पाणी ओतूं नये. कारण जमिनींत गेलेलें तांबें सहसा हालत नाहीं, वरच्या थरांतच सांचतें. युरोपांतील द्राक्षमळ्यांत तें पिढ्यानपिढ्या सांचत आल्यामुळें तेथील संघानें २०१९ पासून अशा औषधांस सात वर्षांत हेक्टरीं २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. आपल्या बागेंत वर्षाकाठीं किती पडतें हें मोरचुदाच्या पावत्यांवरून कोणासही काढतां येईल. वजनाचा चौथा हिस्सा तांबें धरावें.