उंचावरील काम आणि कठडा

लोखंडी कामाच्या कारखान्याचें नांव काढतांच डोळ्यांपुढें ठिणग्या, तापलेलें लोखंड आणि पत्रा कापणारीं यंत्रें उभीं राहतात. परंतु नुसत्या पडण्यानेंहि तेथें कारागिरांचे हातपाय मोडतात, प्रसंगीं प्राणहि जातात, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील हाच धंदा करितात व कांहीं विद्यार्थीहि पुढें तोच पतकरतील. म्हणून या विषयाचा थोडा विचार करूं.

पडण्याचे प्रकार दोन. पहिला सपाट जमिनीवरचा. सांडलेलें तेल, लोखंडाचा कीस, पत्र्याचीं कात्रणें आणि वाटेंत पसरलेल्या वेल्डिंगच्या तारा यांमुळें पाय घसरतो वा अडखळतो. आणि पडणारा पत्र्याच्या धारेवर किंवा यंत्रावर आदळला म्हणजे इजा मोठी होते. दुसरा प्रकार उंचावरून पडण्याचा. शिडी सरकते, परांचीची फळी निसटते, अथवा छपरावरील सिमेंटचा जुना पत्रा माणसाच्या भारानें फुटतो. वेल्डिंग करणारास विजेचा लहानसा धक्का बसला, तरी दचकून त्याचा तोल जातो. धक्क्यानें जें झालें नसतें तें पडण्यानें होतें.

“उंची ती किती!” असें म्हणणें फसवें आहे. ३ मीटरांवरून पडणारा मनुष्य एक सेकंद भरण्यापूर्वींच जमिनीवर आदळतो, आणि त्या क्षणीं त्याचा वेग ताशीं सुमारें २८ किलोमीटर असतो. सांवरण्यास अवधि कोठला?

अमेरिकेंत सान फ्रान्सिस्को येथें गोल्डन गेट हा पोलादी पूल बांधतांना मुख्य अभियंते जोसेफ स्ट्रॉस यांनीं खालीं मोठें जाळें बांधविलें. त्यांत पडून १९ कामगार वांचले. पण १७ फेब्रुवारी १९३७ रोजीं एक जड परांची तुटून त्या जाळ्यावर कोसळली. जाळें फाटलें आणि १० जण मृत्युमुखीं पडले. यावरून दिसतें कीं, जाळें हा शेवटचा आधार होय. पहिली काळजी परांचीचीच घेतली पाहिजे.

उपाय साधे आहेत. जमीन झाडून कोरडी ठेवावी. शिडी ४ हात उंच टेकावयाची तर तिचा पाय भिंतीपासून १ हात दूर ठेवावा व वरचें टोंक बांधावें. छपराच्या पत्र्यावर फळ्या टाकल्यावांचून पाऊल ठेवूं नये. कमरेचा पट्टा नुसता बांधून उपयोग नाहीं. त्याची दोरी भक्कम जागीं अडकविली पाहिजे. कोणी उंचावरून पडलाच, तर त्यास घाईनें उचलून बसवूं नये; पाठीचा कणा दुखावला असल्यास त्यानें जन्माचें पंगुत्व येतें. त्यास स्थिर ठेवून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पवित्र शास्त्रांत, अनुवादाच्या २२ व्या अध्यायांत, नवें घर बांधणारास धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. नाहींतर पडणाराच्या रक्ताचा दोष त्या घरावर येतो. पडणारा सावध कां नव्हता, असें तेथें विचारलेलें नाहीं. कठडा कां नव्हता, हाच प्रश्न आहे. मुलांनो, तुमच्यांपैकीं कोणी उद्यां कारागीर होईल, कोणी कारखान्याचा मालक. दोघांनींहि ही आज्ञा स्मरणांत ठेवावी.