लाईट गेल्यावर सोलरचं काय होतं?

निफाड तालुक्यात सोलरचा विषय निघाला की लोक बिलाआधी एक गोष्ट विचारतात, "लाईट गेली तरी चालेल ना?" विकायला आलेला माणूस बहुधा मान डोलावतो. सायखेड्यात हा प्रश्न उगाच येत नाही. गावठाणातली लाईट गेली तर निदान शंभर घरांची एकदम ओरड होते. मळ्यात घर बांधून राहणाऱ्याची ओरड ऐकायला बांधावर कोणी नसतं. त्यामुळे सोलर बसवलं की लाईट जाण्याची कटकट संपली, असं धरून लोक पैसे घालतात. घोळाची सुरुवात इथेच होते.

स्लॅबवर पॅनेल आणि भिंतीवर इन्व्हर्टर, एवढीच जोडणी असेल तर महावितरणची लाईट गेल्यावर सोलरही दोन सेकंदांत बंद पडतं. भर दुपारी, लख्ख उन्हात. शेजाऱ्याच्या घरी पंखा थांबतो तसा तुमच्याही घरी थांबतो. यात बिघाड काही नाही, यंत्र तसंच बनवलेलं असतं. हा 'ऑन-ग्रिड' इन्व्हर्टर तारेतल्या विजेचा दाब आणि ५० हर्ट्झची लय पाहून स्वतःची वीज तिच्याशी जुळवतो. समोर लय नसेल तर तो थांबतो. त्याने थांबायलाच हवं, कारण लाईन बंद आहे असं समजून वायरमन खांबावर चढलेला असतो आणि तुमच्या घरातून उलटी वीज तारेत गेली तर त्याचा जीव जाईल.

लाईट नसतानाही घर चालवायचं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. लाईट गेली की हा इन्व्हर्टर घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि मग पॅनेल व बॅटरीवर ठरावीक सर्किट चालवतो. ठरावीक म्हणजे सगळं घर नव्हे. कोणत्या खोल्या, कोणते पॉईंट बॅटरीवर राहणार, हे वायरिंगच्या वेळी ठरतं. कोटेशन घेताना हे कागदावर लिहून घ्या. तोंडी "सगळं चालतंय" याला अर्थ नाही.

"घरात इन्व्हर्टरची बॅटरी आहेच, तीच जोडून टाकू" ही सूचनाही हमखास येते. आकडा मांडून बघा. घरोघरी असते ती १२ व्होल्टची १५० अॅम्पिअर-अवर ट्युब्युलर बॅटरी. बारा गुणिले दीडशे म्हणजे १,८०० वॉट-तास, कागदावर १.८ युनिट. शिसं-आम्लाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हातात एक युनिटही येत नाही. शिवाय घरगुती हायब्रीड इन्व्हर्टर बहुतेक ४८ व्होल्टचे असतात, त्यांना ही एकटी बॅटरी जुळत नाही. मात्र ती फेकूनही देऊ नका. ऑन-ग्रिड सोलर आणि जुना इन्व्हर्टर एकाच घरात सुखाने नांदतात. अट एकच, सोलरची जोडणी मीटरच्या बाजूला हवी, जुन्या इन्व्हर्टरच्या पुढे नको. नाहीतर लाईट गेल्यावर सोलर त्या इन्व्हर्टरलाच ग्रिड समजून त्याच्यात वीज ढकलू लागतं आणि दोन्ही यंत्रं पणाला लागतात.

नवीन बॅटरी घेताना किलोवॉट आणि किलोवॉट-तास यांत गफलत होते. किलोवॉट म्हणजे पाईप किती जाड, किलोवॉट-तास म्हणजे टाकी किती मोठी. एक किलोवॉट-तास म्हणजेच बिलावरचा एक युनिट. बाजारात सर्रास मिळणारी लिथियम फॉस्फेट बॅटरी ५१.२ व्होल्ट, १०० अॅम्पिअर-अवरची, म्हणजे साधारण ५ युनिटची असते आणि त्यातले चार-साडेचार युनिट वापरता येतात. आता घर मोजू. बीएलडीसी मोटरचे तीन पंखे ९० वॉट, पाच एलईडी दिवे ४५ वॉट, फ्रिज सरासरी ५०-६० वॉट, टीव्ही आणि वायफाय धरले तर सगळं मिळून २५० वॉटच्या आत. इन्व्हर्टरची घट वजा करूनही ही बॅटरी रात्र काढते, सकाळीही शिल्लक राहते. त्याच घरात दीड टनाचा एसी लावला तर तीन तासांत रिकामी. २ किलोवॉटचा गिझर तर तिच्या वाटेलाही जाऊ देऊ नका. एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर अर्धा तास चालून साधारण अर्धा युनिटच खाते, पण सुरू होताना तीन ते पाच पट करंट ओढते. तो झटका इन्व्हर्टरला पेलतो का, हे आधी विचारा. जुने ७५ वॉटचे पंखे बदलणं हा बॅटरी मोठी घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे, आणि तो कोणी विक्रेता सुचवत नाही.

"मग विहिरीवरची मोटर?" हा पुढचा प्रश्न. ५ हॉर्सपॉवरची मोटर ३.७ किलोवॉटची. आठ तास चालली तर ३० युनिट. घरच्या बॅटरीवर ती चालवायचा विचार सोडून द्यावा. तिच्यासाठी योजनाच वेगळी आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' या योजनेत शेतकऱ्याने १० टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. जमीन अडीच एकरपर्यंत असेल तर ३ हॉर्सपॉवर, पाच एकरपर्यंत ५ आणि त्यावर साडेसातचा पंप मिळतो. त्याला बॅटरी नसते आणि लागतही नाही. ऊन आहे तोवर पाणी उपसून शेततळ्यात टाकायचं, द्राक्षाच्या ठिबकला ते केव्हाही सोडता येतं. विजेपेक्षा पाणी साठवणं सोपं आणि स्वस्त.

आता पैशांचं. 'पीएम सूर्यघर मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये आली आणि तिच्या नावातल्या 'मोफत' शब्दाने बराच गोंधळ घातला. सोलर फुकट बसत नाही. पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान मिळतं. ते यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येतं, म्हणजे आधी पूर्ण रकमेची तजवीज तुमची. तीन किलोवॉटपर्यंत २ लाखांचं कर्ज बँका तारणाशिवाय देतात. पॅनेल आणि त्यांतले सेल भारतात बनलेले हवेत, ही अनुदानाची अट आहे. स्वस्तात कोणी परदेशी पॅनेल देत असेल तर अनुदान विसरा. ज्यांचा महिन्याचा वापर १०० युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी राज्याची 'स्मार्ट' ही १ किलोवॉटची वेगळी योजना आहे, तीही विचारून घ्या. आणि बॅटरीवर केंद्राचं अनुदान नाही. "बॅटरीसकट अनुदान" असं कोणी सांगितलं तर तो ७८ हजारांचाच आकडा फिरवून सांगतोय. हे सगळं घरगुती मीटरसाठी. मळ्यातल्या घराची वायर शेतीपंपाच्या कनेक्शनवरून आलेली असेल तर आधी घराचं वेगळं मीटर घ्यावं लागेल.

बॅटरीने बिल आणखी कमी होतं, हा समज सर्वांत महागात पडतो. ३ किलोवॉटचं सोलर आपल्याकडे दिवसाला सरासरी १० ते १२ युनिट देतं, महिन्याला ३०० ते ३६०. दुपारी घरात वापर कमी, म्हणून जास्तीची वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटमधून वजा होते. ही सोय असेपर्यंत, तुम्ही बॅटरीत साठवलेला युनिट हा एरवीही तुमच्या खात्यात जमा होणारच होता. उलट बॅटरीत घालताना आणि काढताना दहाएक टक्के वीज वाया जाते. वर्षअखेर, म्हणजे ३१ मार्चला, शिल्लक राहिलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण ते बिलाच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने. त्यामुळे "जादा बसवू आणि वीज विकू" हा धंदा घरगुती ग्राहकाला जमत नाही. स्थिर आकारही सुटत नाही. शून्य युनिट वापरले तरी बिल शून्य येत नाही ते त्यामुळेच.

बिलाचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात आणि पुढच्या टप्प्यातला युनिट मागच्यापेक्षा महाग असतो. सोलर आधी हे वरचे महाग युनिट खातं. ३०० च्या वर बिल येणाऱ्या घराला त्याचा फायदा चटकन दिसतो. ८० युनिटच्या घराने शेजाऱ्याचं पाहून तीन किलोवॉट बसवू नये.

ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, हेही खरं नाही. पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको. पॅनेलचा कस २५ अंशांवर मोजलेला असतो आणि त्यावर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. मे महिन्यात पॅनेल सहज ६० अंशांवर तापतं, म्हणजे बारा-तेरा टक्के गेले. निफाडच्या थंडीचं उलटं आहे. द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात त्या कडाक्याच्या सकाळी पॅनेलचा व्होल्टेज सर्वांत जास्त असतो. एका रांगेत किती पॅनेल जोडायची हे त्या सकाळच्या व्होल्टेजवरून ठरवावं लागतं, नाहीतर इन्व्हर्टरची मर्यादा ओलांडली जाते. इथला पारा पाच अंशांखाली जातो, हे बाहेरगावच्या ठेकेदाराला सांगा.

पावसाळ्यात सोलर बंद पडत नाही. ढगाळ दिवशी वीज कमी होते, पण होते. नुकसान जास्त करते ती सावली. स्लॅबवरची पाण्याची टाकी हा बहुतेक घरांतला मुख्य गुन्हेगार. एका पॅनेलवर टाकीची सावली पडली की त्या रांगेचं उत्पादन खाली येतं. द्राक्षावरच्या फवारणीचा उडालेला थर, कांद्याच्या हंगामातली धूळ आणि पाखरांची विष्ठा यांचंही तसंच. पॅनेल पहाटे किंवा संध्याकाळी धुवावं, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. आणि बोअरचं जड पाणी तसंच वाळू दिलं तर क्षारांचा पांढरा थर बसतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही.

गारपिटीबद्दल लोकांची भीती अगदी निराधार म्हणता येणार नाही. पॅनेल २५ मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्याने, ताशी ८० किलोमीटरच्या वर वेगाने मारून तपासलेलं असतं. नोव्हेंबर २०२३ च्या अवकाळीत निफाडच्या बागांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. २५ मिलिमीटरहून मोठी गार आली तर काच फुटू शकते, म्हणून विमा काढावा. पॅनेल आकाशातली वीज ओढून घेतं, ही मात्र अफवा आहे. तरीही वीजरोधक आणि तीन वेगळे अर्थिंग, म्हणजे एक एसीचं, एक डीसीचं आणि एक वीजरोधकाचं, यांत काटकसर करू देऊ नका.

सायखेड्यापुरती सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र पुराची आहे, आणि ती कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली नसते. गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढला की चांदोरी-सायखेड्याला पाणी चढतं. ऑगस्ट २०१६ मध्ये चढलं, ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा. पॅनेल स्लॅबवर सुरक्षित राहतात, पण इन्व्हर्टर आणि बॅटरी सोय म्हणून खालच्या खोलीत, जिन्याखाली बसवलेली असतात. लाखाच्या आसपासची बॅटरी एका रात्रीत भंगार होते. पूररेषेतल्या घराने दोन्ही वरच्या मजल्यावर किंवा निदान २०१९ च्या खुणेच्या बरंच वर बसवून घ्यावीत. केबल लांबली तरी लांबू द्या.

"मेन स्विच पाडला की झालं" हा समज तर जिवावर बेतणारा आहे. मेन स्विचने महावितरणची वीज तुटते. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंत येणाऱ्या केबलमध्ये उजेड आहे तोवर डीसी दाब असतोच, आणि तो शेकडो व्होल्ट असू शकतो. बॅटरीतही वीज असते. पाणी येण्याचा इशारा मिळाला की आधी इन्व्हर्टर बंद करा, मग डीसी आयसोलेटर पाडा, बॅटरीचा ब्रेकर पाडा आणि शेवटी मेन स्विच. पाणी ओसरल्यावर भिजलेल्या यंत्राला वाळवून परत सुरू करू नका, तंत्रज्ञाला दाखवा. हे स्विच कुठे आहेत ते घरातल्या बायकांना आणि मोठ्या मुलांनाही माहीत हवं, पूर काही कर्ता माणूस घरी असतानाच येत नाही.

"लिथियम पेटते" ही भीती मोबाईल आणि स्कूटरच्या बातम्यांवरून आलेली आहे. घरासाठी मिळणारी लिथियम फॉस्फेट त्या मानाने शांत असते, तरी झोपायच्या खोलीत ठेवू नये. जुनी शिसं-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तिला खिडकीची जागा लागते. टिकाऊपणात फरक मोठा आहे. पहिली ४,००० ते ६,००० वेळा चार्ज होते, दुसरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते. पॅनेलची हमी २५ वर्षांची म्हणून सगळ्या यंत्रणेची तेवढी समजू नका.

साताऱ्यातल्या पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्याचं पहिलं सौरग्राम ठरली. तिथल्या घरांचं सोलर ग्रिडला जोडलेलं आहे. गुजरातमधल्या मोढेऱ्यात १५ मेगावॉट-तासांची बॅटरी आहे, पण ती घराघरांत नाही, प्रकल्पावर आहे. साठवण गावासाठी एकत्र केली तर ती स्वस्त पडते आणि तिची देखभालही होते. ग्रामपंचायतींनी हा पर्याय तपासावा असं मला वाटतं. प्रत्येक जिन्याखाली एकेक बॅटरी ठेवण्यात फारशी शहाणीव नाही.

तोवर निर्णय घरापुरता घ्यायचा आहे. वर्षभराची बिलं एकत्र काढा आणि महिनाभर लाईट केव्हा गेली, केव्हा आली हे कॅलेंडरवर लिहा. गावठाणात राहत असाल आणि लाईट तास-दोन तासांत येत असेल तर साधं ऑन-ग्रिड सोलर आणि जुना इन्व्हर्टर पुरेसा आहे, बॅटरीचे पैसे वाचवा. मळ्यात लाईट रात्र-रात्र जात असेल, घरात आजारी माणूस किंवा अभ्यासाची मुलं असतील तर हायब्रीड घ्या, पण ते सोयीसाठी घेतोय, बचतीसाठी नव्हे, हे विक्रेत्याच्या तोंडावर सांगून घ्या.