टेबलावर झोपण्याआधी

मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं, हे आता खेड्यापाड्यांतही सगळ्यांना ठाऊक झालं आहे. त्या पंधरा-वीस मिनिटांच्या आधी काय काय ठरून गेलेलं असतं, हे मात्र घराघरांत बोललं जात नाही. पुणे जिल्ह्यातल्या एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात मी परवानगी घेऊन बसत होते: आधी मोजमापाच्या खोलीत, मग समुपदेशनाच्या टेबलाशेजारी आणि शेवटी थिएटरच्या कोपऱ्यात, अंगावर हिरवा गाऊन चढवून. तिथे बसून माझं एक मत पक्कं झालं. रुग्णाने आधी काय सांगितलं आणि काय विचारलं, यावर या ऑपरेशनचं बरंच काही अवलंबून असतं. आणि नेमकं तेच बोलायला आपण त्याला सवड देत नाही.

मोजमापाच्या खोलीत अंधार असतो. रुग्ण यंत्रावर हनुवटी टेकवतो, कपाळ पट्टीला लावतो आणि तंत्रज्ञ मुलगी सांगते, “आजी, आत लाल ठिपका दिसतोय ना, त्याच्याकडेच बघा. आता मिटा. उघडा. हलू नका.” डोळ्याची समोरून मागपर्यंतची लांबी आणि पारपटलाचा गोलावा अशी दोन मुख्य मापं ती घेते. सर्वसाधारण डोळा साधारण साडेतेवीस मिलिमीटर लांब असतो. या लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच-तीनने हुकतो. आत बसवायचं कृत्रिम भिंग याच आकड्यांवरून निवडतात आणि ते जन्मभरासाठी असतं. म्हणून ती मुलगी एकेक माप तीन-चार वेळा घेते, दोन्ही डोळ्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहते आणि फरक जास्त वाटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. बाहेर बाकावर बसलेले लोक कुरकुरतात. मला तर वाटतं, मोजमापाला वेळ लावणारं रुग्णालय भेटलं तर आपण नशीबवान.

मोतीबिंदू फार दाट असेल तर यंत्राचा प्रकाश आरपार जातच नाही. मग डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकून ध्वनिलहरींनी लांबी मोजावी लागते. त्यात सळई पारपटलावर किंचित दाबली गेली तरी आकडा कमी येतो. मोतीबिंदू पिकू देण्याचा हा एक तोटा. “पिकलाय का पुरता?” हा प्रश्न मी तिथे सतत ऐकला. पूर्वी अख्खं भिंग बाहेर काढत, तेव्हा पिकण्याची वाट पाहण्याला काही अर्थ होता. आता नाही. जुना, कडक झालेला मोतीबिंदू फोडायला जास्त ऊर्जा लागते. त्या ऊर्जेचा मार पारपटलाच्या आतल्या पेशींच्या थराला बसतो आणि त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. फारच पिकला तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. दुसऱ्या टोकाला, तपासणीत नुसती सुरुवात दिसली म्हणून धावत जाऊन ऑपरेशन करण्याचीही गरज नसते. तांदूळ निवडता येत नाहीत, रात्री समोरच्या गाडीचा दिवा फाकतो, एसटीची पाटी वाचता येत नाही, अशी रोजची कामं अडायला लागली की वेळ झाली.

मापाला बसण्याआधी काही गोष्टी सांगायलाच हव्यात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती आधीच बंद करावी लागते. मऊ असेल तर निदान आठवडाभर, कडक असेल तर त्याहून जास्त, कारण ती पारपटलाचा आकार बदलते. तरुणपणी चष्मा घालवायला लेझर करून घेतलं असेल तर ते आवर्जून सांगा. त्या डोळ्याला नेहमीचं गणित लागू पडत नाही. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार करून मग मापं घेतलेली बरी.

समुपदेशनाच्या टेबलाशी जे दिसलं, त्यावर मला जास्त वेळ थांबायचं आहे.

टेबलामागे एक पन्नाशीच्या ताई बसतात. समोरच्या खुर्चीवर रुग्ण आणि शेजारी मुलगा, सून किंवा जावई. ताई विचारतात, “मामा, कसलं औषध चालू आहे?” उत्तर मुलगा देतो, “बीपीची एक गोळी, बाकी काही नाही.” ताई मुलाकडे न पाहता पुन्हा मामांनाच विचारतात, “रात्री लघवीला उठावं लागतं का? त्याची गोळी घेता?” मामा संकोचतात, सुनेकडे पाहतात आणि मग हळूच मान हलवतात. घरात कुणाला माहीत नसलेली ती गोळी या ऑपरेशनसाठी सगळ्यात महत्त्वाची निघू शकते. प्रोस्टेटसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिन या औषधामुळे बुबुळाचा पडदा सैल पडतो, ऑपरेशनच्या वेळी फडफडतो आणि बाहुली मध्येच आकसते. सर्जनला हे आधी कळलं तर तो तयारीत राहतो. नाही कळलं तर टेबलावर कळतं. गोळी बंद करूनही फारसा उपयोग नसतो, कारण परिणाम पुढे दीर्घकाळ टिकून राहतो. म्हणून पूर्वी कधी घेतली असेल तरीही सांगायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं उलटं होतं. लोक आपल्या मनानेच त्या बंद करून येतात. नुसत्या थेंबांच्या भुलीवर होणाऱ्या ऑपरेशनला त्या बहुतेक वेळा थांबवाव्या लागत नाहीत आणि हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने त्या परस्पर बंद करणं जिवाशी खेळ आहे. हृदयाचे डॉक्टर आणि डोळ्यांचे डॉक्टर यांनी ते ठरवायचं, शेजाऱ्याने नाही. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवीच, शिवाय डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणीही आधी हवी. पडदाच खराब असेल तर स्वच्छ भिंग बसवूनही नजर पुरती येत नाही. हे आधी सांगितलं गेलं नाही, तर रुग्ण आयुष्यभर म्हणत राहतो की ऑपरेशन बिघडलं.

ताईंचे पुढचे प्रश्न ऐकताना वरवर किरकोळ वाटतात. उताणं झोपलं की दम लागतो का? खोकला आहे का? पाठीला बाक आहे का? ऐकू नीट येतं का? खोकल्याची एक उबळ डोळ्यात उपकरण असताना आली तर काय होईल, हे थिएटरमध्ये पाहिल्यावर मला या प्रश्नांचं मोल कळलं. आणि ऐकू येत नसेल तर “खाली बघा, हलू नका” हे डॉक्टरांचं सांगणं पोचणार कसं?

मग येतं भिंगाचं. टेबलावर दरांचा तक्ता असतो आणि इथे नातेवाईक एकदम पुढे सरसावतात: “चांगल्यातलं चांगलं टाका.” महाग भिंग म्हणजे चांगलं भिंग, हा समज मला या सगळ्या व्यवहारातला सगळ्यात घातक समज वाटतो. साधं एककेंद्री भिंग एकाच अंतरावर स्पष्ट दाखवतं, सहसा लांबचं. मग वाचायला चष्मा लागतो. बहुकेंद्री भिंगाने चष्म्याची गरज बरीच कमी होते, पण ते प्रकाश वाटून घेतं. त्यामुळे अंधुक उजेडात फिक्या-गडद छटांमधला फरक कमी कळतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. काचबिंदू असलेल्या किंवा पडदा खराब असलेल्या डोळ्याला ते सहसा बसवू नये. रात्री ट्रक चालवणाऱ्याने तर दहादा विचार करावा. पारपटलाला तिरपा नंबर असेल तर टॉरिक भिंगाचा खरा फायदा होतो. तिथे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात.

ताईंनी एका बाईंना विचारलं, “तुम्ही दिवसभर काय करता?” ब्लाउज शिवते, त्या म्हणाल्या. लहानपणापासून लांबचा चष्मा, पण सुईत दोरा ओवताना तो काढून ठेवायची सवय. लांबचं स्पष्ट दिसेल असं भिंग नेहमीसारखं बसवलं असतं, तर त्यांची ही जवळची उघडी नजर कायमची गेली असती. मुलीला हे लक्षातच आलं नव्हतं. “आईचा चष्मा जाऊ दे” एवढंच ती म्हणत होती. बाईंनी स्वतः ठरवलं की जवळचं दिसू द्या, लांबचा चष्मा लावीन. डॉक्टरांनी तसाच नंबर धरला. हे बोलणं पाच मिनिटांचं होतं. ते झालं नसतं तर ऑपरेशन उत्तम होऊनही बाई दुःखी झाल्या असत्या.

“लेझरने करणार ना?” हाही नेहमीचा प्रश्न. फेको पद्धतीत लेझर नसतो. ध्वनिलहरींनी थरथरणारी बारीक सुई भिंगाचा चुरा करते आणि शोषून घेते. चार्ल्स केलमन यांनी ही पद्धत १९६७ मध्ये आणली. लेझरने सुरुवातीच्या काही पायऱ्या करण्याची सोय आता आहे, पण भिंग काढायला नंतर हेच करावं लागतं. बिनटाक्याची पण थोड्या मोठ्या, सहा-सात मिलिमीटर छेदाची दुसरी पद्धतही आपल्याकडे सर्रास होते. दाट मोतीबिंदूला ती अनेकदा योग्य असते आणि तिच्यात कमीपणा काही नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी ६६ टक्के मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. या देशात नजर परत मिळवून देण्याचं फार मोठं काम या बिनटाक्याच्या स्वस्त पद्धतीने केलं आहे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी कपाळावर, ज्या बाजूचा डोळा करायचा त्या बाजूला, पेनाने खूण करतात. ती पुसू नका आणि प्रत्येक टप्प्यावर कुणी “कोणता डोळा?” विचारलं तर चिडू नका. बाहुली मोठी करायचे थेंब पुन्हा पुन्हा टाकतात. आधीच्या दिवसांत डोळ्याच्या कोपऱ्यातून अश्रुमार्गात पाणी सोडून तो मोकळा आहे का, हेही पाहतात. घशात खारट लागलं तर मार्ग मोकळा. तो तुंबलेला असेल तर तिथला जंतुसंसर्ग डोळ्यात उतरू शकतो, म्हणून आधी त्याचा उपचार. बीपीची गोळी घ्यायची का, नाश्ता करायचा का, मधुमेहाच्या औषधाचं काय, हे आदल्या दिवशी विचारून घ्यावं. उपाशी राहणं पुण्याचं असं समजून मधुमेही माणसाने गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं, तर टेबलावर साखर उतरते.

थिएटरमध्ये डोळ्याभोवती आणि डोळ्यात तपकिरी पोव्हिडोन आयोडीन घालतात आणि काही मिनिटं थांबतात. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी याच्याइतका भरवशाचा उपाय दुसरा नाही. डोळा थोडा चुरचुरतो. मग चेहऱ्यावर कापड येतं, फक्त डोळा उघडा. या कापडाखाली गुदमरल्यासारखं वाटतं, त्याची पुष्कळांना भीती असते. आत हवेची नळी असते, हे आधी सांगितलं की भीती निम्मी होते. सूक्ष्मदर्शकाचा प्रखर दिवा पहिलं अर्धं मिनिट सहन होत नाही, नंतर होतो. रुग्णाला उपकरणं सहसा दिसत नाहीत, रंगीत उजेड हलताना दिसतो, पाणी वाहिल्यासारखं गार लागतं, यंत्राचा सूर चढतो-उतरतो. दुखलं तर तोंडाने सांगायचं. हात वर न्यायचा नाही.

मॉनिटरच्या पडद्यावर मी पाहिलं ते असं: तीन मिलिमीटरहूनही लहान छेद, आत जेल, भिंगाच्या पिशवीला समोरून गोल खिडकी, मग गढूळ पिवळ्या भिंगाचे तुकडे होऊन सुईत नाहीसे होणं. पिशवीची मागची भिंत काही मायक्रॉन जाडीची असते. तिच्या इतक्या जवळ काम चालू असताना सर्जनचा श्वास मला ऐकू येत होता. क्वचित ती भिंत फाटते, अगदी कुशल हातांतही. मग भिंग वेगळ्या जागी बसवावं लागतं किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागतं. संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतं. अंगठा उठवण्याआधी ते कुणाकडून तरी वाचून घ्यायला हवं आणि विचारायला हवं: असं झालं तर पुढे काय, आणि त्याचा खर्च याच रकमेत आहे का? ठीक चाललं तर घडी घातलेलं भिंग नळीतून आत जातं आणि सावकाश उलगडतं. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड रिडले यांनी डोळ्यात पहिलं भिंग बसवलं ते कडक प्लॅस्टिकचं होतं. युद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या प्लॅस्टिक काचेचे कण शरीर मुकाट सहन करतं, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याआधीच्या आणि नंतरच्याही कित्येक वर्षांच्या रुग्णांना दहा नंबरचा जाड चष्मा हाच आधार होता.

घरी गेल्यावरचं काम थेंबांचं. ते चार-सहा आठवडे चालतात आणि हळूहळू कमी करायचे असतात. डोळ्याला लख्ख दिसू लागलं म्हणून मध्येच सोडायचे नसतात. हात धुवा, खालची पापणी ओढा, बाटलीचं टोक कशालाही लावू नका, दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. सुरुवातीचे दिवस डोळ्यात पाणी नको, चोळणं नको, चुलीचा धूर नको, शेतातली धूळ नको, रात्री झोपताना डोळ्यावर कवच. टीव्ही पाहायला आणि पोथी वाचायला हरकत नसते. एका आजोबांनी मिश्किलपणे विचारलं, “म्हशीचं दूध काढू का?” गोठ्यात निदान काही आठवडे जायचं नाही, असं त्यांना बजावण्यात आलं. निळा रंग अचानक फार निळा वाटतो, कारण पिवळं भिंग आता मध्ये नसतं. काहींना याने घाबरायला होतं, घाबरू नये.

घाबरायचं ते एका गोष्टीला. दुसऱ्या दिवसापासून आठवड्याभरात दुखणं वाढत गेलं, डोळा लालभडक झाला, दिसायला लागलेलं पुन्हा अंधुक झालं, तर तो आत शिरलेला जंतुसंसर्ग असू शकतो. हे फार क्वचित होतं, पण त्यात काही तासांनी फरक पडतो. उद्या सकाळी जाऊ, गुरुवारी तपासणी आहेच, असं म्हणत बसू नये. म्हणून रुग्णालयातून निघताना दिवसाचा फोन नंबर मिळतोच, रात्री उचलला जाणारा नंबर कोणता, तेही विचारून घ्या. आणि तिथवर न्यायला रात्री गाडी कुणाची मिळेल, हे आधी ठरवून ठेवा. वाडीवस्तीवरच्या माणसाला हा खरा अडथळा असतो.

महिना-दीड महिन्याने चष्म्याचा अंतिम नंबर काढतात. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नजर पुन्हा धुरकट झाली तर “मोतीबिंदू परत आला” असं लोक म्हणतात. तो परत येत नाही. पिशवीची मागची भिंत गढूळ होते आणि याग लेझरने तिथे खिडकी पाडली की बाह्यरुग्ण विभागातच काम होतं. डिस्चार्ज कार्डावर भिंगाचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर कंपनी, भिंगाचा नंबर आणि अनुक्रमांक असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत घाला. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी सर्जन पहिल्या डोळ्याचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष नंबर ताडून पाहतो आणि त्यावरून दुसऱ्या भिंगाचा हिशोब सुधारतो.