उजव्या हाताचा अंमल

सन १९९१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात स्टॅन्ली कोरेन आणि डायन हाल्पर्न या मानसशास्त्रज्ञांचे एक पत्र प्रसिद्ध झाले आणि त्याने जगातील तमाम डावखुऱ्यांच्या आयुर्मर्यादेचा जणू निवाडाच करून टाकला. दक्षिण कॅलिफोर्नियातील दोन काउंटींच्या दप्तरांतून सुमारे एक हजार मृत्यूंचे दाखले काढून, मयत इसम कोणत्या हाताने व्यवहार करीत असे याची त्याच्या नातलगांकडे विचारपूस करून त्यांनी जो हिशेब मांडला, त्यात उजव्यांचे सरासरी मृत्युवय ७५ आणि डावखुऱ्यांचे ६६ भरले. उजव्यांसाठी घडविलेल्या यंत्रांमुळे होणारे अपघात आणि जन्मसमयी मेंदूला पोचलेली इजा अशी कारणमीमांसाही सोबत होतीच. वर्तमानपत्रांनी ती बातमी मिटक्या मारीत छापली.

आकडे खोटे नव्हते. खोट होती ती त्यांच्या वाचनात. विसाव्या शतकाच्या आरंभी जन्मलेल्या डावऱ्या मुलाच्या हातातील लेखणी शाळेत पाऊल टाकताच उजवीकडे नेली जात असे, आणि सत्तर वर्षांनी तो निवर्तला तेव्हा कागदोपत्री तो उजवाच असे. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने १९८६ साली आपल्या वाचकांच्या घ्राणेंद्रियाची जी पाहणी केली तिच्यात लिहिण्याचा हात कोणता, हाही प्रश्न घातला होता. अकरा लाखांहून अधिक अमेरिकनांच्या त्या उत्तरांतून असे निघाले, की वयोवृद्धांत डाव्या हाताने लिहिणारे जेमतेम ३-४ टक्के, तर १९५० नंतर जन्मलेल्यांत ते १२ टक्क्यांच्या आसपास होते. नोंदलेले डावखुरे मुळात तरुणच अधिक. सबब त्यांच्यातले जे वारले तेही सरासरीने तरुणच भरले. धोतर नेसणाऱ्यांचे सरासरी मृत्युवय पाटलोण घालणाऱ्यांहून अधिक निघाले म्हणून काही पाटलोण प्राणघातक ठरत नाही.

आपल्याकडे हा अंमल शाळेपेक्षा पंगतीत अधिक चालला. लिहायला डावा हात एक वेळ खपवून घेतला जाई. पण प्रसादासाठी तोच पुढे आला, की आजीचा डोळा वटारला जाई. त्यातून लेखणी एका हाती आणि घास दुसऱ्या हाती असे कितीतरी संमिश्र हात घडले. शिवाय हाताची ही पसंती सर्व कामांत एकच असते असेही नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि फलंदाजी करीत असे ती उजव्याने.

मग हाताच्या पसंतीचा देहावर परिणामच होत नाही काय? होतो, आणि तो थेट हाडांत उमटतो. व्यावसायिक टेनिसपटूंच्या दंडाच्या हाडांची १९७७ साली क्ष-किरणांनी मोजदाद झाली तेव्हा खेळत्या बाजूच्या हाडाचे कवच पुरुषांत सुमारे ३५ आणि स्त्रियांत २८ टक्के अधिक जाड आढळले. वयात येण्यापूर्वीच रॅकेट धरलेल्या मुलींत दोन दंडांतील ही तफावत, उशिरा खेळू लागलेल्यांहून, पुढे पुष्कळ अधिक भरते. मात्र हा सगळा नफाच आहे असे समजू नये. वेगवान गोलंदाजाच्या कमरेच्या मणक्याला वारंवारच्या ताणाने जी चीर जाते ती बहुधा चेंडू टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूस जाते, कारण चेंडू सोडताना कंबर मागे वाकून त्याच वेळी कलते व पिळवटते. एका हाताच्या कौशल्याची किंमत मोजावी लागते ती अशी सर्व धडाला.

दुसरा हात मात्र ‘दुय्यम’ म्हणवून घेण्याइतका दुबळा नसतो. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे रॉबर्ट सेनबर्ग यांनी प्रयोगांवरून असे प्रतिपादन केले, की प्रधान हात हालचालीचा मार्ग आखण्यात तरबेज असतो, तर दुसरा हात एखादी स्थिती अढळ राखण्यात त्याहून सरस ठरतो. खोवणीवर नारळाची वाटी फिरविणारा हात आपण पाहतो. ती दाबून धरणाऱ्याकडे कोण पाहतो?

खरी जोखीम आहे ती पाळण्यात, आणि तेथेच आमचे जुने पूर्वग्रह घात करतात. निरोगी अर्भक वर्षभर तरी दोन्ही हात सारख्याच मोकळेपणाने वापरते. पसंती दिसू लागते ती साधारण दीड वर्षानंतर. सहा-आठ महिन्यांच्या बाळाच्या डाव्या अंगाला खुळखुळा धरला आणि तेथला डावा हात अंगठा आत घेऊन मुठीतच राहिला व उजवा हात छाती ओलांडून खुळखुळ्याकडे आला, तर ते उजवेपणाचे शुभलक्षण नसून डाव्या बाजूच्या अशक्तपणाची खूण असू शकते. जन्माच्या वेळी खांद्यातील मज्जातंतूंना ताण बसलेला असतो, किंवा मेंदूच्या उजव्या गोलार्धाला इजा पोचलेली असते. घरात मात्र ‘बाळ उजव्या हाताचं हो!’ असे कौतुक होते आणि तपासणी लांबते. उलट बाळ डावाच हात पुढे करीत असेल तर घरचे तोच हात आवरू लागतात, आणि उजव्या हाताला काही झाले आहे काय, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही.

मेंदूला इजा झालेल्या मुलांसाठी एडवर्ड टॉब यांच्या संशोधनातून विकसित झालेल्या एका उपचारात चांगला हात काही तास मोज्यात वा पट्टीत अडकवून ठेवतात आणि दुर्बल हाताकडून खेळ, घास, ठोकळे अशी कामे पुनःपुन्हा करवून घेतात. बांधायचा कोणता हात, किती वेळ आणि कोणत्या वयात, हे मात्र तज्ज्ञानेच मुकरर करावयाचे असते.