काडी मोडली, मुलाचे काय?

पंचांसमोर गवताची काडी मोडायची, की नवरा-बायको एकमेकांपासून मोकळे. या रीतीवरूनच मराठीत ‘काडीमोड’ हा शब्द आला. आता काडीच्या जागी स्टँप पेपर आला आहे. त्यावर दोघांची नावे असतात, आजपासून आमचा एकमेकांशी संबंध राहिला नाही अशा अर्थाचे एक वाक्य असते, दागिने-भांडी कोणी नेली त्याची नोंद असते आणि खाली सह्या, अंगठे, पंचांची नावे. मुलाचा उल्लेख झालाच तर शेवटी, एका ओळीत: मुलगा बापाकडे राहील, किंवा मूल आईकडे राहील आणि ती पोटगी मागणार नाही. हा लेख त्या एका ओळीबद्दल आहे. पंच नवरा-बायकोला मोकळे करू शकतात आणि काही अटींवर कायदाही त्या सोडचिठ्ठीला मान देतो. मुलाची वाटणी मात्र कायद्याने पंचांच्या हाती ठेवलेली नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून लग्न कोणत्याही मार्गाने मोडो, मुलाचा कागद न्यायालयातच झाला पाहिजे, असे मला ठामपणे वाटते. आणि तो तसा व्हायचा असेल, तर सगळा घाट मुलाच्या आईनेच उतरावा अशी अपेक्षा धरून चालणार नाही; न्यायव्यवस्थेलाही थोडा घाट चढावा लागेल.

घाटाचा उल्लेख उगाच केलेला नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातला जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपा, काळी नदीच्या खोऱ्यात गोव्याच्या हद्दीला लागून पसरला आहे. क्षेत्र मोठे, वस्ती विरळ, बाकी जंगल. कुणबी, मराठा, गवळी-धनगर, सिद्दी अशा समाजांची ही वस्ती. घरात कोकणी किंवा मराठी बोलायची आणि सरकारी कागद कन्नडमध्ये वाचायचा, ही इथली रोजची गोष्ट. जिल्ह्याचे ठाणे कारवार, म्हणजे अणशी घाट उतरून थेट समुद्रकाठी. कुटुंब न्यायालयांचेही तसेच: त्यांचा कायदा 1984 चा. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरात असे न्यायालय स्थापलेच पाहिजे, असे बंधन त्याने राज्यांवर घातले. त्याहून लहान ठिकाणांचा निर्णय राज्यांवर सोडला. समुपदेशक, समेटाचा प्रयत्न, मुलांशी बेताने बोलण्याची सोय, हे सारे त्यामुळे आधी शहरांच्या वाट्याला आले. अशा मुलखात माणसे आधी गावातल्या जाणत्यांकडे जातात, यात नवल नाही.

या रीतीला मागासलेपणा म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत नवऱ्याने टाकलेल्या बाईला दुसरा मार्गच नव्हता, त्या काळात शेतकरी-कष्टकरी समाजांत सोडचिठ्ठी होती आणि पाटही होता. छळ सोसत मरण्यापेक्षा उठून दुसरा संसार मांडण्याची मुभा बाईला रूढीने दिली होती. कायदा तिथे फार उशिरा पोहोचला. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने 1931 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांताने तो 1947 मध्ये केला. उत्तर कन्नड जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यातच असल्याने सुप्यातल्या माणसांनाही तो लागू होता. पुढे 1955 चा हिंदू विवाह कायदा आला. त्याच्या कलम 29 च्या दुसऱ्या पोटकलमाने रूढीने चालत आलेला काडीमोड कायम ठेवला. कायद्याने रूढीपुढे दाखवलेला हा आदर मोठा आहे, आणि रास्तही आहे.

पण हा आदर बिनशर्त नाही. रूढी जुनी, ठरलेली, अखंड चालत आलेली आणि वाजवी असावी लागते. ज्याला तिचा आधार हवा, त्याने ती न्यायालयात मांडून पुराव्याने सिद्ध करायची असते. कर्नाटकातल्याच एका मराठी आडनावाच्या कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये हे स्पष्ट केले: नुसते सोडपत्र लिहिल्याने हिंदू लग्न मोडत नाही, समाजात तशी रूढी आहे हे सिद्ध व्हावे लागते. जोयडा तालुक्यात हा पुरावा गोळा करणे किती अवघड आहे पाहा. सुपा गावच धरणाच्या पाण्याखाली गेले आणि माणसे रामनगरसारख्या ठिकाणी उठून गेली. रूढीची साक्ष द्यायची ती जुन्या माणसांनी, आणि ती पांगली किंवा गेली. रूढी सिद्ध झाली नाही, तर कागद असूनही पहिले लग्न उभेच राहते आणि दुसरे रद्दबातल ठरते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 मुळे त्या दुसऱ्या संसारातली मुले औरस मानली जातात, पण बाईच्या हाती बायकोचा दर्जा उरत नाही. स्टँप पेपर घेऊन निश्चिंत झालेली बाई अशी एका दिवसात उघड्यावर पडते.

नवरा-बायकोपुरते हे झाले. मुलाच्या बाबतीत कायदा याहून कडक आहे, आणि माझ्या म्हणण्याचा कणा इथेच आहे. 1955 च्या कायद्याने रूढीने लग्न मोडण्याची वाट राखली. पुढच्याच वर्षीच्या, 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मात्र आपल्या कक्षेतल्या गोष्टींपुरती रूढी कलम 5 ने बाजूला सारली आणि कलम 13 ने मुलाचे हित सर्वांत वर ठेवले. दोन वर्षांत, एकाच संसदेने केलेले हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचले की अर्थ लख्ख होतो: मोठ्यांनी आपले नाते आपल्या रीतीने सोडावे, मूल त्या सौद्याचा भाग नाही. मराठीत शेताचाही ताबा असतो आणि मुलाचाही ताबाच असतो. शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत. शेत ज्याच्या हाती जाते त्याचे होते. मूल ज्याच्याकडे राहते, त्याच्यावर ते सांभाळण्याचे काम येते. दुसऱ्या पालकाची भेट आणि त्याची जबाबदारी संपत नाही. म्हणूनच ताब्याचा हुकूम कायमचा नसतो. मूल वाढते, परिस्थिती बदलते, आणि न्यायालय तो हुकूम पुन्हा तपासू शकते. पंचांच्या कागदात ही सोयच नसते.

हिंदू कायदा लागूच नाही, हे काही कुटुंबांच्या बाबतीत खरे असते. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींचा 2003 मध्ये अनुसूचित जमातींत समावेश झाला. केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे हिंदू सिद्दी जोडप्याच्या लग्नाचा आणि काडीमोडाचा प्रश्न रूढीनेच सुटतो. शेजारच्या कुणबी घराचे तसे नाही; कुणब्यांची जमातीत घेण्याची मागणी जुनी असली, तरी आज त्यांना हिंदू विवाह कायदाच लागू आहे. एकाच गावातल्या दोन घरांना लग्नाचे दोन कायदे. गोव्याची हद्द ओलांडली की तिसरा: तिथे पोर्तुगीज काळापासूनची नागरी नोंदणी आहे, 1910 चा घटस्फोटाचा कायदा आहे, आणि नोंदणी झालेले हिंदू लग्न मोडायला दिवाणी न्यायालयच गाठावे लागते. पण मुलाची गोष्ट आली की हा गुंता बराचसा सुटतो. 1890 चा पालक-पाल्य कायदा सर्व धर्म-जमातींच्या मुलांसाठी आहे. मूल नेहमी जिथे राहते तिथल्या न्यायालयात अर्ज करायचा, हे त्याचे कलम 9 सांगते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खालची पोटगीही जात-धर्म पाहत नाही. म्हणजे काडीमोडाचा रस्ता कुठलाही असो, मुलासाठी सरकारी दार एकच आहे आणि ते सर्वांना उघडे आहे.

त्या दारातून आत गेल्यावर न्यायाधीश काय पाहतात, हे माहीत असले की भीती कमी होते. पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे, हे 1956 च्या कायद्याचे कलम 6 सांगतेच. त्याच कलमात बाप पहिला नैसर्गिक पालक आणि ‘त्याच्यानंतर’ आई असे शब्द आहेत. गीता हरिहरन यांच्या याचिकेवरच्या 1999 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावर नव्हे, तर तो जबाबदारी घेत नसेल तेव्हाही, असा अर्थ लावला. बाकी सारे मुलाच्या रोजच्या जगण्यावर ठरते, आणि त्याचे पुरावे साध्या गोष्टींत असतात: अंगणवाडीच्या हजेरीत नाव कुठल्या गावी आहे, ‘तायी’ (आई) कार्डावरच्या लशी कोणी देऊन आणल्या, शाळेत पालक म्हणून सही कोणाची आहे, रेशन कार्डावर मूल कोणाच्या घरात आहे. हे कागद वकिलाने केलेल्या मोठमोठ्या आरोपांपेक्षा जास्त बोलतात. आईला मिळकत नाही एवढ्यावरून मूल तिच्याकडून काढून घेतले जात नाही. मिळकतीची उणीव भरून काढायलाच पोटगी आहे.

मिळकतीचाच प्रश्न या तालुक्यात खरा अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये पोटगीच्या दाव्यांत दोन्ही बाजूंनी मिळकतीचे शपथपत्र द्यावे असे ठरवले आणि शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुनाही घालून दिला. तो जमिनीचे क्षेत्र, पिके, उत्पन्न विचारतो. पण जिथे भाताचे खाचर, सुपारीची चार झाडे, परसातले कंद आणि जंगलातले गौण उत्पन्न यांवर घर चालते, आणि कसलेली जमीन बऱ्याचदा वनखात्याच्या नकाशात असते, तिथे पहाणी उताऱ्यावर बाप भूमिहीनच दिसतो. 2006 च्या वनहक्क कायद्याने एक मोठी गोष्ट केली आहे: पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा. तो वारशाने जातो, पण विकता येत नाही. संसार मोडल्यावर त्या जमिनीवर बाईचा हात कसा राहील, याची वाट मात्र कायद्याने आखलेली नाही. सोडचिठ्ठीच्या कागदावर ‘घेण्या-देण्याचे काही उरले नाही’ असे लिहून आई आपला संयुक्त पट्टाच नकळत सोडून देत असेल, तर ते मुलाचेही नुकसान आहे. मुलाची पोटगी तर आईला सोडूनच देता येत नाही, कारण तो हक्क तिचा नसून मुलाचा आहे.

यावर आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा: पंच एका दिवसात, फुकट आणि आपल्या भाषेत मिटवतात, कोर्ट वर्षे घेते आणि दोन घरांत कायमचे वैर लावते. भांडणाच्या दाव्यात हे खरे आहे. पण मी भांडायला नव्हे, ठरलेले नोंदवायला कोर्टात जा म्हणतो. दोघे राजी असतील, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 ब खाली एकत्र अर्ज करता येतो आणि त्यातच कलम 26 प्रमाणे मुलाचा ताबा, भेटी, खर्च यांचा हुकूम मागता येतो. मधला सहा महिन्यांचा थांबा योग्य प्रकरणात माफ करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितले आहे. पंचांनी समेट घडवावा, अटी ठरवून द्याव्यात. त्यांचे खरे बळ तिथेच आहे. हुकुमाचा शिक्का मात्र त्यांच्याकडे नाही. उद्या बापाने पैसे थांबवले किंवा आईने भेट नाकारली, तर पंचांचा कागद दाखवून अंमलबजावणी कोणाकडे मागणार?

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: बाहेरच्यांनी जंगलातल्या समाजांच्या रीतींत हात घालू नये. धरण, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प या नावांनी ज्यांच्या जगण्यात इतकी ढवळाढवळ झाली, त्यांनी हे म्हणावे यात मला अन्याय वाटत नाही. पण ज्या रीतीचा मी मान राखतो, ती दोन सज्ञान माणसांच्या संमतीची रीत आहे. मूल त्या बैठकीत बसलेले नसते, त्याची संमती कोणी विचारलेली नसते, आणि बैठकीत आईपेक्षा दोन्हीकडच्या पुरुषांचा आवाज मोठा असतो. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही, त्याच्यासाठी बाहेरच्या कोणीतरी बोलावे, हा हस्तक्षेप नव्हे, राखण आहे. केंद्रीय विधी आयोगाने मे 2015 च्या आपल्या 257 व्या अहवालात आई-बापांना बरोबरीचे स्थान आणि संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली, तीही मुलाला दोघांची गरज असते हे धरूनच.

तिसरा आक्षेप अंतराचा, आणि त्याच्यापुढे मी मान तुकवतो. मजुरी बुडवून, लेकराला कडेवर घेऊन तारखेला कारवार गाठणे, आणि तिथे कन्नडमधले कागद दुसऱ्याकडून वाचून घेणे, ही शिक्षाच आहे. म्हणून जबाबदारी व्यवस्थेची आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्याच्या कलम 12 ने बाईला, मुलाला आणि अनुसूचित जाती-जमातींना मिळकत न पाहता फुकट वकील देऊ केला आहे. 15100 हा त्याचा फोन क्रमांक. 2003 पासून बायकोला ती राहते तिथल्या न्यायालयात विवाहाचा दावा करता येतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली ती तात्पुरती राहते तिथल्या दंडाधिकाऱ्याकडेही मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. ही दारे आहेत. ती तालुक्यातल्या डिग्गीच्या किंवा कुंभारवाड्याच्या बाईला माहीत व्हायला हवीत. विधी सेवा समितीचे शिबिर तालुक्याच्या गावीच न थांबता गावोगावच्या आठवडी बाजारांपर्यंत यावे. मराठी-कोकणी जाणणाऱ्या विधी स्वयंसेविका असाव्यात. आणि ठरलेल्या अटींवर हुकूम देण्यासाठी न्यायाधीशांनी महिन्यातून एक दिवस वर येऊन बसावे. एवढे झाले, तर पंचही स्वतःहून म्हणतील, लग्नाचे आम्ही पाहिले, लेकराचा कागद साहेबांपुढे करू. काडी मोडायला एक क्षण लागतो. मूल वाढायला अठरा वर्षे लागतात, आणि त्या अठरा वर्षांची जबाबदारी मोठ्यांनी शिक्का घेऊन, लेखी, आपल्या नावावर घेतली पाहिजे.